वीस लाखांसमोर नऊ लाख: ट्विकनहॅमवर फिजी कसं जिंकलं

२६ ऑगस्ट २०२३ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर फिजीने इंग्लंडला ३०-२२ असं हरवलं. विश्वचषक दोन आठवड्यांवर आला होता आणि हा सराव सामना होता, त्यामुळे निकालाला फारसं वजन नाही असं कुणी म्हणू शकेल. मला तसं वाटत नाही. १९८८ मध्ये फिजीच्या राजधानीत, सुवात, हे दोन संघ पहिल्यांदा भेटले तेव्हापासून झालेले सातही सामने इंग्लंडने जिंकले होते. १९८९, २०१२ आणि २०१६ या तीन सामन्यांत तर इंग्लंडने पन्नासाच्या वर गुण केले होते. जागतिक रग्बीच्या कारभारात ज्यांना वर्षानुवर्षं 'दुसऱ्या श्रेणीचे' देश म्हटलं गेलं, त्यांच्यापैकी एकाकडूनही इंग्लंडचा पुरुष संघ त्या दिवसापर्यंत हरला नव्हता. सामन्यानंतरच्या क्रमवारीत फिजी सातव्या क्रमांकावर गेलं आणि इंग्लंड आठव्यावर घसरलं.

हे प्रकरण मी निवडलं ते एका जुन्या समजुतीची परीक्षा घ्यायला. देशात खेळणारे जितके जास्त, तितका राष्ट्रीय संघ भक्कम, असं आपण सहज धरून चालतो. कुठल्याही खेळाच्या संघटनेचा वार्षिक अहवाल काढा, पहिल्या पानावर सहभागाचा आकडा असतो, कारण अनुदान त्यावर मिळतं, प्रायोजक त्यावर येतात. रग्बीत या आकड्याच्या यादीत सर्वात वर इंग्लंड आहे. आणि त्या दिवशी समोर उभा होता तो देश, ज्याची सगळी लोकसंख्या इंग्लंडच्या खेळाडूंच्या आकड्याच्या निम्मीही भरत नाही.

आकड्यात कोण मोजलं जातं

जागतिक संघटनेने गेल्या दशकात प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत इंग्लंडचे एकूण खेळाडू वीस लाखांच्या वर होते. ऐकायला प्रचंड वाटतं. पण त्यातले नोंदणीकृत, म्हणजे कुठल्यातरी क्लबच्या पटावर ज्यांचं नाव आहे असे, पावणेचार लाखांच्या आसपास. बाकीचे बहुतेक शाळकरी मुलं-मुली आणि अधूनमधून खेळणारे. शाळेच्या तासाला सहा आठवडे चेंडू हातात धरलेली दहा वर्षांची मुलगी त्या वीस लाखांत आहे आणि दर शनिवारी स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात त्या झटापटीत, मान घालणारा तिशीतला गडीही त्याच वीस लाखांत आहे. दोघांची किंमत आकड्यात एकच.

आता फिजी. २०१७ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ८,८४,८८७ होती. त्यातही रग्बी खेळणारा समाज मुख्यत्वे मूळ फिजियन, म्हणजे इतौकेई. भारतातून नेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांचा ओढा प्रामुख्याने फुटबॉलकडे राहिला. २००७ च्या जनगणनेत इतौकेईंचं प्रमाण ५७ टक्के होतं, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं. त्यातले पुरुष निम्मे धरले तर अडीच लाखांच्याही आत येतात, आणि यात पाळण्यातली बाळं आणि काठी टेकत चालणारे आजोबाही आले. ही सगळी मंडळी मिळूनसुद्धा इंग्लंडच्या नुसत्या नोंदणीकृत खेळाडूंपेक्षा कमी भरतात.

इतर देशांचा पट मांडला की चित्र आणखी विस्कटतं. न्यूझीलंडकडे नोंदणीकृत खेळाडू दीड लाखाच्या आसपास आणि विश्वचषक तीन. दक्षिण आफ्रिकेची नोंदणी इंग्लंडच्या तोडीची, विश्वचषक चार. इंग्लंडचा एकच, २००३ चा, तोही जादा वेळेत जॉनी विल्किन्सनच्या उजव्या पायाच्या ड्रॉप गोलवर (चेंडूचा टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक, तीन गुण) मिळालेला. २०१५ मध्ये विश्वचषक इंग्लंडच्याच घरी होता आणि इंग्लंड साखळी फेरीतच बाहेर पडलं. एकट्याने स्पर्धा भरवणाऱ्या यजमानावर अशी पाळी त्याआधी कधी आली नव्हती. श्रीलंकेच्या नावावर एक लाखाच्या वर खेळाडू दाखवले गेले आहेत, पण ते आजवर एकाही विश्वचषकाला पात्र ठरलेले नाहीत. अमेरिकेच्या नावावर दहा लाखांहून अधिक. २०२३ च्या पात्रता फेरीत ते चिलीकडून दोन सामन्यांच्या बेरजेत ५२-५१ असे एका गुणाने मागे पडले, मग दुबईत पोर्तुगालशी १६-१६ बरोबरी झाली आणि विश्वचषक हुकला. चिली मात्र पहिल्यांदाच विश्वचषकाला गेलं. तिथे २०२० पासून सेल्कनाम नावाचा व्यावसायिक संघ उभा राहिला होता. हा धागा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

'त्यांच्या रक्तातच आहे'

फिजीच्या विजयानंतर जे बोललं गेलं त्यातला मोठा भाग एकाच सुरात होता: ही मंडळी जन्मतःच अशी. उंच, दणकट, वेगवान, चेंडू एका हातात लिंबासारखा धरणारी. या स्पष्टीकरणाचा मला मनापासून राग येतो, कारण कौतुकाच्या नावाखाली ते खेळाडूंचे कष्टही पुसतं आणि संघटनांचे दोषही झाकतं. रक्त २०१६ मध्येही तेच होतं. तेव्हा ट्विकनहॅमवर फिजी ५८-१५ ने हरलं होतं. सात वर्षांत रक्त बदललं नाही, मग काय बदललं हे शोधायला हवं.

आधी हे मान्य करू की फिजीत खेळाची मुळं खरोखर खोल आहेत. विती लेवू बेटावरच्या बा भागात १८८० च्या दशकात सशस्त्र पोलीस दलातले युरोपीय आणि फिजियन जवान हा खेळ खेळू लागले. राष्ट्रीय संघाने १९३९ मध्ये न्यूझीलंडचा दौरा केला आणि एकही सामना न हरता परतला. आज खेड्याखेड्यातल्या मोकळ्या हिरवळीवर संध्याकाळी पोरं जमतात, चेंडू नसला तर प्लॅस्टिकच्या बाटलीवर भागवतात. शाळांच्या डीन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्याला देश जागा होतो. असा देश सहभागाच्या टक्केवारीत वरच असणार. पण ही टक्केवारी दोन पिढ्यांपूर्वीही होती. गर्दी होती, चेंडूवर प्रेम होतं, आणि इंग्लंडसमोर पंचावन्न-साठ गुण खाणंही होतं.

सातांच्या खेळात जगज्जेते, पंधरांच्या खेळात पाहुणे

कोडं सुटायला सुरुवात होते ती सेव्हन्समधून. सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, मैदान मात्र पूर्ण आकाराचं. या प्रकारात फिजी अनेक दशकं अव्वल आहे. वैसाले सेरेवीसारखा खेळाडू या प्रकाराचा चेहरा होता. ११ ऑगस्ट २०१६ रोजी रिओत, बेन रायन यांच्या मार्गदर्शनाखाली आणि ओसेआ कोलिनिसाऊच्या नेतृत्वाखाली, फिजीने अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४३-७ असं नमवलं. फिजीचं ते पहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही सुवर्ण. सरकारने सात डॉलरची नोट काढली. टोकियोत न्यूझीलंडला २७-१२ हरवून सुवर्ण राखलं, पॅरिसमध्ये फ्रान्सकडून हरून रौप्य मिळालं.

म्हणजे तोच देश, तीच मुलं, आणि एका प्रकारात जगात पहिले, तर दुसऱ्यात चाळीसेक गुणांनी मागे. हा फरक खेळाच्या रचनेतून येतो. सेव्हन्सला बारा-तेरा उत्तम धावपटू आणि पासिंगची नजर पुरते. स्क्रम तिघांची असते आणि क्षणात संपते. पंधरांच्या रग्बीत सामन्याला तेवीस जण लागतात, विश्वचषकाला तेहतीस. पुढच्या फळीतल्या तिघांना राखीवही त्याच जागांचे प्रशिक्षित हवेत, नियमच तसा आहे, कारण स्क्रममध्ये अननुभवी माणूस घातला तर मान मोडू शकते. प्रॉप म्हणून, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या फळीत कडेला, उभं राहणं गावच्या हिरवळीवर शिकता येत नाही. समोर दर आठवड्याला आपल्याहून सरस प्रॉप हवा, तो खांदा कुठून घालतो, कधी खाली ओढतो, पंच काय पकडतो हे अंगावर घेऊनच कळतं. तीच गोष्ट लाइनआउटची, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू पुन्हा आत टाकताना तो उंच उडून पकडण्याची. तीच फ्लाय-हाफची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दहा क्रमांकाच्या खेळाडूची, ज्याला ऐंशी मिनिटं निर्णय घ्यायचे असतात: आता पाय वापरायचा की हात, इथे पेनल्टीचे तीन गुण घ्यायचे की कोपऱ्यात लाइनआउट मागायचा.

थोडक्यात, फिजीत खेळाडू भरपूर होते. प्रौढ वयात, रोजच्या रोज, तगड्या प्रतिस्पर्ध्यांसमोर घासून निघायची जागा नव्हती. विहिरीला पाणी होतं, शेतापर्यंत पाट नव्हता.

पाट होता तो परदेशात जाणारा. अठरा-वीस वर्षांचा गुणी मुलगा फ्रान्स, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमधला करार घेई. त्या पगारावर गावातली दोन-तीन घरं चालत. त्याला नावं ठेवायचा कुणाला काहीच अधिकार नाही. पण संघाचं नुकसान दोन वाटांनी होई. काही जण, ठरावीक वर्षं राहिलेल्याला त्या देशाकडून खेळता येतं या रहिवासाच्या नियमाने, त्या देशाचेच होऊन जात. जो रोकोकोको, सितिवेनी सिविवातू, वैसाके नाहोलो आणि सेवू रीस न्यूझीलंडकडून खेळले, मारिका कोरोइबेते आणि सामू केरेवी ऑस्ट्रेलियाकडून, विरिमी वाकाटावा फ्रान्सकडून, सेमेसा रोकोदुगुनी आणि नेथन ह्यूज इंग्लंडकडून. सगळे फिजीत जन्मलेले किंवा वाढलेले, करारावर गेलेले मात्र सगळेच नव्हेत. उरलेले फिजीचे राहिले तरी बोलावणं आल्यावर येऊ शकतीलच असं नव्हतं. नियमाने क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, पण 'राष्ट्रीय संघाला नाही म्हण, नाहीतर पुढच्या कराराचं बघू' असा अलिखित दबाव ही पॅसिफिक बेटांवरच्या खेळाडूंची जुनी तक्रार आहे. आले तरी सामन्याआधी आठवडाभर. पंधरा जण पंधरा पद्धतींचे, आणि चार दिवसांत संघ बांधायचा.

सामनेही कमी. पस्तीस वर्षांत इंग्लंडशी सात सामने हा हिशोब वर आलाच आहे. मोठ्या देशांचं वेळापत्रक एकमेकांत भरलेलं असतं, आणि मैदानावरच्या तिकिटांचं उत्पन्न यजमानाचं असा रिवाज. ट्विकनहॅमला ८२,००० लोक बसतात. तिथल्या पैशात पाहुण्याचा वाटा रिवाजाने ठरलेला नव्हता.

द्रुआ

आता बदलाकडे येऊ. फिजियन द्रुआ हा व्यावसायिक संघ २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका दुय्यम स्पर्धेत उतरला आणि २०१८ मध्ये त्याने ती जिंकली. द्रुआ म्हणजे दोन सांगाड्यांची मोठी पारंपरिक समुद्री होडी. २०२२ पासून हा संघ सुपर रग्बी पॅसिफिकमध्ये घेतला गेला, म्हणजे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या सर्वोत्तम प्रांतीय संघांच्या पंक्तीत. जागतिक संघटनेने त्यासाठी पैसा घातला. पहिल्या वर्षी साथीच्या निर्बंधांमुळे संघाला ऑस्ट्रेलियात तळ ठोकावा लागला, आणि जिंकलेले सामने होते अवघे दोन. दुसऱ्या वर्षी संघ घरी आला.

११ मार्च २०२३ रोजी फिजीतल्याच लाउतोकाच्या मैदानावर द्रुआने क्रुसेडर्सला २५-२४ असं हरवलं. शेवटचा भोंगा वाजून गेल्यावर मारलेल्या पेनल्टीने. क्रुसेडर्स म्हणजे या स्पर्धेतलं सर्वात यशस्वी नाव, त्या वर्षीही चषक त्यांनीच नेला. ट्विकनहॅमचा विजय समजून घ्यायचा तर माझ्या मते याच दिवसापासून मोजायला हवं. त्या वर्षी द्रुआने चौदापैकी सहा सामने जिंकले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे ख्राइस्टचर्चला त्याच क्रुसेडर्सनी ४९-८ असं चिरडलं, हेही नोंदवलं पाहिजे.

द्रुआने नेमकं काय दिलं? तरुणांच्या एका अख्ख्या संघाला देश न सोडता पगार दिला. आठवड्यामागून आठवडे न्यूझीलंडच्या स्क्रमसमोर उभं केलं. एकच पद्धत, एकच भाषा, एकच तंदुरुस्तीचा आराखडा दिला. आणि राष्ट्रीय संघाला तयार सांगाडा मिळाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हर्न कॉटर यांच्या जागी सायमन राइवालुई प्रशिक्षक झाले तेव्हा त्यांना शून्यातून संघ बांधायचा नव्हता. द्रुआचा गट होता, त्यात लेवानी बोतिया, सेमी राद्राद्रा, जोसुआ तुइसोवा, विलियामे माता अशी युरोपात मुरलेली माणसं मिसळायची होती. विश्वचषकाच्या वर्षी खेळाडू सोडण्याचा काळ लांब असतो, त्यामुळे ही मिसळ मुरायला एरवीच्या मानाने कितीतरी अधिक दिवस मिळाले.

सामन्यात हे दिसलं. फिजीचे तीन ट्राय (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं) कर्णधार वैसेआ नायाथालेवू, विनाया हाबोसी आणि सिमिओने कुरुवोली यांचे. स्क्रममधून चेंडू काढून देणारा स्क्रम-हाफ कुरुवोली आणि फ्लाय-हाफ केलब मंट्झ हे दोघेही द्रुआचे. स्क्रम-हाफ चेंडू कुठे टाकणार हे ज्याला न बघता कळतं असा फ्लाय-हाफ फिजीला अशा मोठ्या सामन्यात क्वचितच मिळाला होता. मला या सामन्यातले धावण्याचे क्षण आठवतात त्याहून जास्त, इंग्लंडने दाब वाढवल्यावर फिजीने दाखवलेला धीर आठवतो. जुना फिजी अशा वेळी स्वतःच्या बावीस मीटरच्या पट्ट्यातून हाताने खेळायला जाई आणि चेंडू गमावून बसे. या फिजीने पाय वापरला, मैदान मागितलं, स्क्रममध्ये तग धरला.

इंग्लंडच्या बाजूने पाहिलं तर

इंग्लंड त्या वेळी वाईट खेळत होतं हा आक्षेप खरा आहे. त्याच महिन्यात ते कार्डिफला वेल्सकडून आणि डब्लिनला आयर्लंडकडून हरले होते. स्टीव्ह बोर्थविक यांना प्रशिक्षक होऊन वर्षही झालं नव्हतं. पण हाच संघ दोन महिन्यांनी विश्वचषकात तिसरा आला, आणि उपांत्य सामना विजेत्या दक्षिण आफ्रिकेकडून १६-१५ असा एका गुणाने हरला. तेव्हा फिजीने कुठल्या कच्च्या संघाला हरवलं असं म्हणता येत नाही.

वीस लाखांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वरच्या पातळीवर इंग्लंडमध्ये खेळाडूचा मालक क्लब असतो आणि राष्ट्रीय संघ त्याला ठरावीक आठवड्यांसाठी उसना घेतो. २०२२-२३ च्या मोसमात वूस्टर आणि वॉस्प्स आर्थिक दिवाळ्यात गेले, मोसम संपताच लंडन आयरिशही गेलं. तेरा क्लबांची अव्वल साखळी दहावर आली. परदेशात गेलेल्याला सहसा निवडायचं नाही हा त्यांचाच नियम. नरसाळ्याचं तोंड कितीही रुंद केलं तरी नळी दहा क्लबांइतकीच. एकेका जागेसाठी देशात वीसेक माणसं खरोखर वरच्या दर्जाची स्पर्धा खेळतात, मग खाली पावणेचार लाख असोत की सात लाख.

याच्या उलट आयर्लंड. बेटाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास, व्यावसायिक संघ चारच, पण चारही राष्ट्रीय संघटनेच्या हातात. कोण किती मिनिटं खेळणार, कुणाला विश्रांती, हे देशाच्या संघाकडे बघून ठरतं. जुलै २०२२ मध्ये ते क्रमवारीत पहिले आले, २०२३ मध्ये ग्रँड स्लॅम जिंकले, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने. जॉर्जियाकडे खेळाडू काही हजारच, पण त्यांचे प्रॉप फ्रान्सच्या क्लबांत वर्षानुवर्षं घडले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी वेल्सला कार्डिफमध्ये १३-१२ असं हरवलं.

आणि इंग्लंडचाच महिला संघ घ्या. जानेवारी २०१९ पासून त्यांच्या खेळाडूंना पूर्ण वेळचे करार मिळाले, तेव्हा बाकी देशांत बहुतेक जणी नोकरी सांभाळून खेळत होत्या. २०२५ चा विश्वचषक त्यांनी ट्विकनहॅमवर कॅनडाला ३३-१३ हरवून जिंकला. तिथे संख्या होती आणि नळीही रुंद केली होती. संख्या निरुपयोगी आहे असं म्हणणाऱ्याने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं.

संख्या परत येते: दहा क्रमांकाची जर्सी

फिजीच्या प्रकरणातला सर्वात शिकवणारा भाग ट्विकनहॅमनंतर येतो, आणि तोच बहुतेक जण गाळतात.

विश्वचषकात फिजीचा पहिला सामना वेल्सशी होता. त्याच्या तोंडावर सरावात मंट्झचा गुडघा दुखावला आणि तो स्पर्धेतून बाहेर गेला. ज्याच्याभोवती खेळ बांधला होता तो एकच माणूस गेला. वेल्सकडून ३२-२६ हार, शेवटच्या क्षणी राद्राद्राच्या हातून चेंडू निसटला तेव्हा ट्रायची रेष समोर होती. पुढच्या रविवारी सेंत-एतियेनला त्यांनी ऑस्ट्रेलियाला २२-१५ हरवलं, १९५४ नंतर पहिल्यांदा. मग साखळीच्या शेवटच्या सामन्यात पोर्तुगालकडून २४-२३ हार. पोर्तुगालचा विश्वचषकातला तो पहिलावहिला विजय. थोडक्यात हरल्याबद्दल मिळालेल्या बोनस गुणाने फिजी ऑस्ट्रेलियाच्या बरोबरीला आलं आणि त्यांना हरवलेलं असल्याने पुढे गेलं.

१५ ऑक्टोबरला मार्सेलमध्ये उपांत्यपूर्व सामना, समोर पुन्हा इंग्लंड. फिजीची दहा क्रमांकाची जर्सी विलिमोनी बोतितूच्या अंगावर. तो टोकियोतला सेव्हन्सचा सुवर्णपदक विजेता, गुणी खेळाडू, पण पंधरांच्या खेळात त्याची मूळ जागा मधल्या फळीत. २४-१० असं मागे पडलेलं फिजी दोन ट्राय करून २४-२४ वर आलं. बारा मिनिटं उरली होती. ओवेन फॅरेलने ड्रॉप गोल मारला, मग पेनल्टी. ३०-२४. त्या दिवशी फिजीचे ट्राय तीन, इंग्लंडचे दोन. एकट्या फॅरेलचे पायाने केलेले गुण वीस.

आता इंग्लंडकडे त्याच जागेवर काय होतं ते बघा. ऑगस्टमधल्या लाल कार्डामुळे फॅरेल पहिले दोन सामने निलंबित होता. त्याच्या जागी जॉर्ज फोर्ड आला. अर्जेंटिनाविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला टॉम करी मैदानाबाहेर गेला, इंग्लंड चौदा जणांवर आलं, आणि फोर्डने तीन ड्रॉप गोल नि सहा पेनल्टी मारून संघाचे सगळे २७ गुण एकट्याने केले. २७-१० असा विजय. तिसरा पर्याय मार्कस स्मिथ, तो सर्वात मागच्या, फुल-बॅकच्या जागी खेळवण्याइतकी चैन त्यांना परवडली.

संख्येचं खरं मोल मला इथे दिसतं. पहिल्या पंधरांत दोन देशांमधलं अंतर एका चांगल्या व्यावसायिक संघाने भरून निघालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्लाय-हाफमध्ये ते भरलं नाही. अशा खास कौशल्याच्या जागा पंधरांत चार-पाच असतात: स्क्रमच्या पुढच्या फळीतले हुकर (मधला) आणि टाइटहेड प्रॉप (उजव्या कडेचा), स्क्रम-हाफ, फ्लाय-हाफ. प्रत्येक जागेवर तीन तयार माणसं हवीत तर खाली त्या जागेचे शंभर नवशिके आणि वर त्यांना खेळवणारे अनेक संघ हवेत. एका सामन्यात हे झाकलं जातं. सात आठवड्यांच्या स्पर्धेत, दुखापती सुरू झाल्या की उघडं पडतं. म्हणून सरावाच्या सामन्यात जिंकलेलं फिजी विश्वचषकात त्याच प्रतिस्पर्ध्याकडून हरलं यात मला विसंगती वाटत नाही. पहिल्या निकालात पाट दिसला, दुसऱ्यात विहिरीची खोली.

त्यानंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये फिजीने वेल्सला कार्डिफमध्ये २४-१९ असं हरवलं, तिथला त्यांचा पहिलाच विजय. जुलै २०२५ मध्ये सुवात स्कॉटलंड २९-१४ ने हरलं. तेव्हा ट्विकनहॅम हा मटका नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच ट्विकनहॅमवर इंग्लंड ३८-१८ जिंकलं, तेव्हा अंतर मिटलंय असंही नाही. महिलांच्या द्रुआ संघाने २०२२ आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातली सुपर डब्ल्यू स्पर्धा लागोपाठ जिंकली, म्हणजे पाट दुसऱ्या बाजूलाही वाहू लागला आहे.

जागतिक संघटनेच्या हाती आता काय आहे, हे या प्रकरणातून मला स्पष्ट दिसतं. फिजीत आणखी मुलांच्या हाती चेंडू देण्याच्या मोहिमेची गरज नाही, तिथे पोरं आधीच गावोगाव खेळतात. दुसरा द्रुआ हवा, किंवा निदान द्रुआच्या खाली वर्षभर चालणारी पगारी फळी, जिथे तिसरा फ्लाय-हाफ आणि चौथा टाइटहेड दर आठवड्याला खेळेल. आणि मोठ्या संघांनी सुवा, लाउतोकाला येऊन खेळायला हवं, कारण घरच्या मैदानावर द्रुआने काय केलं ते क्रुसेडर्सना विचारावं.

यातला दुसरा मुद्दा कागदावर मान्य झाल्यासारखा आहे. २०२६ पासूनच्या नेशन्स चॅम्पियनशिपमध्ये बारा देशांत फिजीला जागा मिळाली आणि इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडविरुद्धचे जुलैचे सामने फिजीचे यजमान सामने म्हणून ठरले. मैदानं निवडताना मात्र तिकिटांचा हिशोब वरचढ ठरला. फिजीचा इंग्लंडविरुद्धचा 'घरचा' सामना लिव्हरपूलला ठेवला गेला.